बोअरच्या पाण्याची डाळ

हौसामावशी आठवते ती आधी फेसातून: उकळत्या तुरीवर चढत आलेला फिकट पिवळा फेस, वाफेत धूसर झालेला तिचा हसरा चेहरा, आणि पातेल्यावर क्षणभर थबकलेली तिची तीन बोटं. त्या बोटांत चिमूटभर खायचा सोडा असे. खडूच्या भुकटीसारखा शुभ्र, जास्त पडला तर डाळीला साबणाचा वास देणारा.

ती वर्षं अवर्षणाची होती. शेंद्र्याच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उगवत होत्या, पीक तेवढं उगवत नव्हतं. आभाळ घासून ठेवलेल्या काशाच्या ताटासारखं रिकामं चमके, आणि पत्र्याच्या खोल्यांतल्या आम्हा बायांच्या वाट्याला येई ते बोअरचं क्षारांनी जड झालेलं पाणी. पिशोरहून लग्न होऊन मी तिथं आले होते. शाळा आठवीतच सुटलेली. स्वयंपाक हीच काय ती माझी विद्या, आणि त्या पाण्यानं तीही हिरावून घेतली. किती उकळली तरी डाळ दाताखाली करकरे. नवरा तशीच खाऊन कारखान्यात पाळीला जाई. सासूबाई मुक्कामाला आल्या आणि चारचौघींत म्हणाल्या, हिला साधं वरण येत नाही, हिला माहेरी पाठवलेलीच बरी.

भिंतीपलीकडं राहणाऱ्या हौसामावशीनं माझं रडणं ऐकलं असावं. मेंढरामागं वाढलेली बाई. तिच्या पावलांत माळाचा मोकळेपणा होता.

"दोष पाण्याचा हाय, तुझ्या हाताचा नाय," ती म्हणाली. मग हे सासूबाईंना सांगा, अशी मी गळ घातली, तर डोळे बारीक करून हसली. "सांगून कोण ऐकतंय, बाई? आधी त्यांनाच शिजवू दे."

दुसऱ्या दिवशी मी पाठदुखीचं निमित्त केलं आणि सासूबाई स्टोव्हपुढं बसल्या. ऊन पत्र्यावर चढलं, डाळ तशीच. त्यांनी आधी वातीला नावं ठेवली, मग वाण्याला, मग थेट तुरीच्या जातीला. मावशी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. सासूबाईंचा आवाज पार बसला तेव्हा तिनं पदराची गाठ सोडली आणि सोडा पातेल्यात न टाकता त्यांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या आक्का, तुमच्याच हातानं टाका. माझी बी लई दिवस अशीच फजिती झाली."

फेस चढला, दाणे कळ्यांसारखे उमलले. सासूबाईंनी डाळ पळीनं ढवळली आणि माझ्याकडं न बघताच मावशीला म्हणाल्या, "पोरगी वाळलीया. हिला वाढ आधी." माहेरी पाठवण्याचा विषय त्या ताटावर संपला.

आता मी परमुलखात आहे. इथलं पाणी गोड. कुकरच्या दोन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी होते, तरी झाकण उघडल्यावर मी अजून आधी एक दाणा चिमटीत दाबून बघते. मावशी गेल्याचं कुणीतरी फोनवर सांगितलं. काळानं तिला नेलं ते फार नंतर. त्याआधीच त्यानं माझी अडचण नेली होती, आणि तिचं माझ्या दारी येणं-जाणं त्या अडचणीच्याच वाटेनं होतं; अडचण सरली तसं तेही सरलं.