वरच्यांच्या कुंड्या, खालच्यांचं पाणी

कुसगावच्या चढाला दोन कॉलेजं एकाच भिंतीला पाठ लावून बसली आहेत. वरच्या अंगाला इंजिनिअरिंगचं, खालच्या अंगाला कला-वाणिज्याचं. मधली भिंत दोन्ही संस्थांनी मिळून बांधली होती. त्यानंतर त्यांनी मिळून काहीही केलेलं नाही.

वरच्यांचं खालच्यांबद्दल मत असं, की ती पोरं भातलावणीला हजर आणि परीक्षेला गैरहजर असतात. खालच्यांचं वरच्यांबद्दल मत असं, की ती पोरं पुलाचं गणित सोडवतील, पण स्कूटरची चेन उतरली तर घरी फोन लावतील. दोन्ही मतं कुणी तपासून पाहिली नव्हती. तपासायला भिंत ओलांडावी लागली असती.

ही भिंत भाजे गावच्या हनुमंताच्या घरात मात्र रोज उभी राहायची. हनुमंत खालच्या कॉलेजात अठरा वर्षं माळी, आणि त्याची बायको चंपा वरच्या कॉलेजात अकरा वर्षं माळीण. दोघांपैकी कुणी दहावीची पायरी चढलेलं नव्हतं, पण कॉलेजचा अभिमान मात्र थेट पदव्युत्तर होता.

"आमच्यात प्रत्येक झाडाला नंबर हाय," चंपा भाकरी थापताना म्हणायची.

"आमच्यात झाडाला सावली हाय," हनुमंत म्हणायचा.

"सावली हाय म्हून तर पोरं वर्गात न्हाईत. समदी झाडाखाली."

"तुमची कुटं असत्यात? मोबाईलात!"

यावर भाकरी जरा जोरात तव्यावर पडायची.

दोघं सकाळी एकाच गाडीवरून कामाला निघायची. मळवली सोडून गाडी कुसगावच्या फाट्याला लागली, की हनुमंत ब्रेक दाबायचा आणि म्हणायचा, "उतर." तिथून वरच्या कॉलेजचं फाटक चांगलं अर्धा किलोमीटर चढावर. पण खालच्या कॉलेजचा माणूस वरच्यांच्या फाटकात बायकोला सोडायला गेला, हे कुणी बघितलं असतं तर? अठरा वर्षांची इज्जत होती. चंपा उतरायची, पदर खोचायची आणि चढायला लागायची. अकरा वर्षं.

आता झालं असं, की जानेवारीतल्या एका शुक्रवारी खालच्या कॉलेजचे प्राचार्य गंगाधर सर यांनी हनुमंताला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. प्राचार्य माळ्याला बसायला सांगतात तेव्हा पुढचं ऐकताना तो पडू नये एवढीच काळजी असते.

"सोमवारी मूल्यांकन समिती येते आहे," सर म्हणाले. "आपली बाग कुठे आहे?"

हनुमंताने खिडकीबाहेर पाहिलं. बाग होती. म्हणजे डिसेंबरपर्यंत होती. स्नेहसंमेलनाच्या मांडववाल्याने बरोबर शेवंतीच्या वाफ्यात खांब रोवले होते, आणि उरलेल्या वाफ्यावर तीन दिवस पोरं नाचली होती. शिल्लक होत्या अकरा कुंड्या. त्यातल्या दोन जिन्याचं दार उघडं राहावं म्हणून दाराला लावलेल्या.

"संस्थेच्या मंडळाचं म्हणणं आहे, बागेचं काम पुण्याच्या एजन्सीला द्यावं," सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले. "मी थांबवून धरलंय. सोमवारी समितीने बाग पाहून मान डोलावली तर तू इथे राहशील. नाहीतर तुला गोडाऊनला टाकतील, जुन्या उत्तरपत्रिकांवर लक्ष ठेवायला."

"सर, दोन दिसात झाड उगवत न्हाई."

"ते बॉटनीचे सरही म्हणाले," सरांनी उसासा टाकला. "पण त्यांची नोकरी पक्की आहे."

अठरा वर्षं मातीत हात घातलेला माणूस उत्तरपत्रिकांत हात घालून काय करणार? हनुमंत संध्याकाळी घरी आला. जेवताना म्हणाला, "आमटी झकास झालीय." थोड्या वेळाने म्हणाला, "भाकरी तर काय, पापुद्रा बघावा तुझ्या भाकरीचा."

चंपाने पळी खाली ठेवली. "काय पायजे ते सांगा. कवतिक पुरं."

त्याने सांगितलं. सांगताना घास गिळायला त्याला पाणी लागलं, कारण वाक्य असं होतं: "तुमच्यातल्या साठ कुंड्या दोन दिस दे."

चंपा हसली नाही, यातच तिचा मोठेपणा. तिने विचार केला. रविवारी वर कुणी नसतं. मंगळवारी झाडांची पाहणी असते. सोमवारी संध्याकाळपर्यंत परत आल्या तर कुणाला कळायचं नाही.

"देते," ती म्हणाली. "पर एक अट हाय. काम झालं तर मला फाट्यावर उतरवायचं न्हाई. थेट आमच्या फाटकात सोडायचं. हार्न वाजवून."

"हार्न कशाला?"

"अकरा वर्साचा बाकी हाय त्यो."

हनुमंताने मान खाली घालून भाकरी मोडली. भाकरीचा पापुद्रा खरंच चांगला होता.

रविवारी दुपारी दोघांनी कुंड्या हलवल्या. भिंतीला एका जागी खिंडार होतं, एक ढकलगाडी कशीबशी जाईल एवढं. वरच्यांचा वॉचमन नथू खुर्ची टाकून बसला होता. त्याने पहिल्या फेरीला एक डोळा उघडला आणि म्हणाला, "माझी ड्यूटी फाटकाची हाय. भिंतीचं मला काय बी सांगू नका." आणि डोळा मिटला. पुढच्या एकोणतीस फेऱ्या त्याने ड्यूटी चोख बजावली.

जास्वंद, शेवंती, क्रोटन, सदाफुली, एक नखरेल ऑर्किडसुद्धा. प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या पट्टीत पोराचं नाव आणि शाखा होती. वरच्या कॉलेजात प्रत्येक पोराला एक रोप दत्तक दिलेलं असतं. त्याचं हे बारसं. हनुमंताने सगळ्या पट्ट्या भिंतीकडे फिरवल्या, पाणी मारलं आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. कॉलेज ओळखू येत नव्हतं. त्याला अभिमान वाटला, आणि लगेच कुणाचा अभिमान वाटतोय हे लक्षात येऊन तो खोकला.

सोमवारी सव्वादहाला तो पाईप घेऊन ऐटीत उभा होता. विद्यार्थी प्रतिनिधी आकाश फेटा बांधून दारात होता. गंगाधर सर कोटाचं वरचं बटण लावून काढत होते आणि काढून लावत होते. समिती साडेदहाला येणार होती.

आणि वरच्या अंगाला आरडाओरडा सुरू झाला.

चंपाला ठाऊक नव्हतं ते इतकंच, की झाडांची पाहणी मंगळवारची सोमवारवर आणली होती. ती सूचना ॲपवर आली होती, आणि चंपाला कुणी ॲपवर घेतलं नव्हतं. तिथली पद्धत अशी: ज्याने त्याने आपल्या रोपासोबत स्वतःचा ताजा फोटो काढून अकराच्या आत टाकायचा. टाकला तर इंटर्नलचे पाच मार्क, नाही टाकला तर शून्य. खालच्यांचं वरच्यांबद्दल आणखी एक मत होतं, की ही पोरं मार्कांसाठी काहीही करतील. हे मत मात्र बरोबर निघालं.

ओवी नावाची संगणक शाखेची एक मुलगी भिंतीवर चढली. पुण्याची, चष्मा लावणारी, वर्गात कुणी मोठ्याने शिंकलं तरी दचकणारी. तिने खाली पाहिलं आणि किंचाळली, "माझी जास्वंद!"

दोन मिनिटांत खिंडारातून निळ्या शर्टातली साठ पोरं खाली उतरली. आपापली रोपं हुडकत, कुंड्या फिरवत, नावं वाचत.

"ए! ए लॅपटॉप!" आकाश फेटा सावरत धावला. "कुठं घुसता? हे तुमचं अंगण आहे का?"

"आमची झाडं चोरलीत तुम्ही!"

"झाडं? तुम्हाला झाड दिसतं तरी का? चार्जिंगला लावायचं असतं का ते?"

"निदान आमच्यात झाडं आहेत! तुमच्यात काय आहे? हजेरी?"

खालची पोरंही जमली. बाह्या वर गेल्या. एकाने कुंडी उचलली, ती नक्की कशासाठी हे त्यालाही माहीत नसावं. आणि तेवढ्यात फाटकातून पांढरी गाडी आत वळली.

गंगाधर सर दारापुढच्या तुळशी वृंदावनाला धरून उभे राहिले.

हनुमंताला अठरा वर्षांत एक गोष्ट कळली होती: भांडणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी काम दिलं, की निम्मं भांडण मिटतं. त्याने पाईप टाकला आणि झारी उचलून ओवीच्या हातात कोंबली. "ताई, पाणी घाल. फोटो मागनं काढ, आदी पाणी घाल. आकाश, तू तिला झारी कशी धरायची ते दाव. तुमी समदी, पिवळी पानं खुडा. नुसतं हुभं ऱ्हायचं न्हाई!"

"पण मामा, हे वरचे..."

"गाडी आली, लेका! खुड!"

समितीच्या अध्यक्षा अरुंधतीबाई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं: निळे शर्ट आणि पांढरे शर्ट एकमेकांत मिसळून बागकाम करताहेत, फेटा बांधलेला एक मुलगा चष्मेवाल्या मुलीला झारी कशी धरायची ते दाखवतो आहे आणि ती त्याला म्हणते आहे, "मुळाशी पाणी घाला ना, पानांवर काय घालताय? पाणी मुळांतून शोषलं जातं." एवढं साधं शास्त्र आकाशला कुणी शिकवलं नव्हतं, आणि झारी एवढी जड असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अरुंधतीबाईंनी नोकरीच्या काळात चाळीसएक कॉलेजं तपासली होती आणि त्यातल्या बहुतेकांत भाड्याच्या कुंड्या पाहिल्या होत्या. त्या सरळ जास्वंदीपाशी गेल्या आणि पट्टी वाचली.

"प्राचार्य, तुमच्याकडे संगणक अभियांत्रिकी आहे?"

गंगाधर सरांनी कोटाचं बटण पुन्हा एकदा लावलं. "सहकार्य," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

बाई हनुमंताकडे वळल्या. "माळी तुम्हीच ना? खरं सांगा. ही झाडं कुणी वाढवली?"

सर त्याला डोळ्यांनी विनवत होते. "मीच" एवढं म्हणायचा अवकाश, आणि अठरा वर्षं वाचत होती. हनुमंताने जास्वंदीकडे पाहिलं. ती कशी छाटलीय ते त्याला दिसत होतं. मधली फांदी ठेवून, बाजूच्या दोन आखूड. ही छाटणी त्याला आयुष्यात जमली नव्हती. घरच्या तुळशीलाही अशीच होती.

"माझ्या बायकोनं," तो म्हणाला. "ती वरच्या कालिजात हाय. तिच्यासारकी छाटणी या पट्ट्यात कुनाची न्हाई." आणि मग, घसा खाकरून, "आमच्यात तर न्हाईच न्हाई."

खिंडाराजवळ उभ्या असलेल्या चंपाने हे ऐकलं. पोरांना शोधत ती तिथवर आली होती. तिने पदर तोंडाला लावला.

"बोलवा त्यांना," अरुंधतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी चंपाला जास्वंदीबद्दल, खताबद्दल, ऑर्किडच्या कुंडीत घालायच्या कोळशाबद्दल असे अर्धा तास प्रश्न विचारले. वाचनालय, प्रयोगशाळा आणि प्राचार्यांचं सादरीकरण मिळून त्यांनी चाळीस मिनिटांत संपवलं.

निकाल मार्चमध्ये आला. श्रेणी होती तीच राहिली. पण अहवालात एक ओळ होती: 'शेजारील महाविद्यालयासोबत राबवलेला संयुक्त उद्यान उपक्रम अनुकरणीय, तो पुढे चालू आहे की नाही हे दरवर्षी कळवावे.' एजन्सीची फाईल त्या दिवशीच बंद झाली, कारण एजन्सीबरोबर संयुक्त काही करता येत नाही. वरच्या प्राचार्यांनी खालीच राहिलेल्या आपल्या कुंड्या परत मागणारं कडक पत्र लिहायला घेतलं होतं. पण त्यांची स्वतःची समिती पुढच्या वर्षी येणार होती. त्यांनी पत्र फाडलं आणि खिंडार थोडं रुंद करून घेतलं. आता आकाश आणि ओवी सोमवारी तिथे भेटतात आणि मनापासून भांडतात. दोघांच्याही म्हणण्याप्रमाणे ते कामापुरतंच असतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारनंतरच्या मंगळवारी सकाळी हनुमंताची गाडी फाट्यापाशी आली. त्याने सवयीने ब्रेक दाबला. चंपा उतरली नाही, पदर सावरून तशीच बसून राहिली.

त्याने गिअर टाकला. गाडी चढ चढली. वरच्या कॉलेजची पोरं रस्त्याने चालली होती, आणि त्यातली काही वळून बघत होती. हनुमंताच्या सदऱ्याच्या खिशावर खालच्या कॉलेजचं नाव लाल दोऱ्याने भरलेलं होतं, आणि आज ते फार मोठं वाटत होतं. फाटकात आल्यावर त्याने हॉर्न वाजवला. एकदा वाजवला तो छोटा झाला असं वाटून पुन्हा, लांब वाजवला. नथू खुर्चीतून दचकून उठला आणि फाटकाचे दोन्ही दरवाजे उघडून त्याने कडक सलाम ठोकला. त्याला वाटलं, समितीच आली.

चंपा उतरली. पदर खोचला. दोन पावलं गेली आणि वळली.

"अवं, गाडी जरा बाजूला घ्या," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तुमच्यातली लोकं कुटं बी गाडी हुबी करत्यात."