फॉन्टासकट विंडोज

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह. टोपण केव्हाच हरवलं, कडीही तुटली. तरी सणसवाडीतल्या शाहनवाजच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात मालकाखालोखाल मान माझाच.

पाकिटातून बाहेर आलो तो थेट कामालाच लागलो. माझ्या पोटात एकच मोठी फाइल होती, अख्खी विंडोज. कंपनीतले कामगार, भाड्याच्या खोल्यांतली पोरं, केंदूरचे मास्तर, सगळ्यांचं मागणं एकच, विंडोज मारून द्या, पण मराठी फॉन्टासकट. ही फॉन्टासकटची फाइल शाहनवाजला दौंडच्या अयुबनं दिली होती. ओळखीच्या माणसानं दिलेली वस्तू कुणी तपासत नाही. तपासली तर त्याला राग येतो.

मी मशीनला लागलो की तिथला अँटिव्हायरस लाल पाटी दाखवायचा. म्हणून रीतच पडली, आधी अँटिव्हायरस बंद, मग मी. आमच्या अख्ख्या गल्लीत हेच चालायचं. गिऱ्हाइकं तरी काय, पासवर्ड सांगताना शाहनवाजच्या कानाशी लागायची आणि उघडा लॅपटॉप तसाच टाकून चहाला जायची.

राहू गावची करुणा मात्र चहाला गेली नाही. गावात तिचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. जुन्या विंडोजवर फॉर्मची साइट उघडेना, म्हणून ती लॅपटॉप घेऊन आली होती. तिच्या एका गिऱ्हाइकाचा, गावातल्या प्राचीचा, नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म त्याच दिवशी भरायचा होता. घाई तिलाच होती, तरी शाहनवाजचा हात सवयीनं अँटिव्हायरस बंद करायला गेला तेव्हा तिनं अडवलं.

“बंद कशाला करताय? काय म्हणतोय ते तर वाचा.”

“ताई, तो कुणालाबी ओरडतो. सवय हाय त्याची.”

“ओरडू द्या. ह्याच्यात निम्म्या गावाची आधार कार्डं हायत, आक्काबाईंचं पेन्शनचं पासबुक हाय. काय गेलं तर लोक तुम्हाला न्हाई, मला विचारतील.”

शाहनवाजनं मला जोडलं आणि लाल पाटी पहिल्यांदाच नीट वाचली. संशय विंडोजवर नव्हता. फॉन्टांच्या फोल्डरमधल्या एका छोट्या प्रोग्रॅमवर होता. अँटिव्हायरस कधीकधी चुकतोही, म्हणून शाहनवाजनं दुसरी परीक्षा घेतली. विंडोजची कंपनी आपल्या फाइलसोबत साइटवर आकडे-अक्षरांची एक लांब ओळ देते. फाइलमध्ये कुणी काही घातलं की ओळ बदलते. माझी ओळ जुळली नाही.

फॉन्टांमुळं बदलली असंल, असं तो पुटपुटला. फॉन्टांसोबत आणखी काय घातलंय ते विचारा की, असं करुणा म्हणाली. अयुबला फोन लागला. त्यालाही ती फाइल मोबाइलवरच्या एका ग्रुपमधून मिळाली होती. ग्रुपवर कुणी टाकली, ते त्यानं विचारलंच नव्हतं.

मग कंपनीच्या साइटवरून मूळ फाइल उतरवायला घेतली. तेवढ्यात कारखान्यांची पाळी सुटली, जो तो मोबाइल उघडून बसला, आणि नेट रांगू लागलं. करुणानं घड्याळ पाहिलं, मला पाहिलं. एवढ्या वेळात माझ्याकडून काम कधीच उरकलं असतं. शेवटी तिनं प्राचीला फोन लावला.

“रुद्रच्या दुकानात जा गं. आज तिथंच भर. फॉर्म चुकवू नको.”

रुद्र म्हणजे गावातला तिचा स्पर्धक. तिकडं गेलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही.

फाइल उतरली, ओळ जुळली, अँटिव्हायरस गप्प राहिला. मला पुसून माझ्यात नवी विंडोज भरली आणि माझ्यावरून ती करुणाच्या लॅपटॉपवर चढवली. मराठी कीबोर्ड तिच्यात आधीपासूनच होता. आजवर कुणी शोधला नव्हता, एवढंच. अंधार पडता पडता करुणा लॅपटॉप घेऊन राहूला गेली.

दुसऱ्या दिवसापासून शाहनवाज जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतोय. मशीन आणा, फुकट तपासून देतो, म्हणतो. बहुतेकांचं उत्तर एकच, चालतंय ना, मग राहू द्या की. केंदूरचे मास्तर तर रागावलेच.

“तुमच्या ओळखीवर टाकलं होतं. आता तुम्हीच शंका काढता व्हय?”

मित्रांनो, लाल पाटी दिसली की बंद करण्याआधी वाचा. फाइल कुठून आली ते विचारा, देणारा कितीही जवळचा असो. रागावला तर रागावू द्या. आणि शाहनवाजचा फोन आला तर मशीन घेऊन या. माझ्या पोटातली फाइल पुसली गेली आहे. तुमच्या मशीनमधली अजून तशीच आहे.