दीड मिलिमीटर ढिलाई

पक्कडमामांनी उभ्या आयुष्यात काही ढिलं सोडलं नव्हतं. विमानाच्या कारखान्यातले ते सगळ्यात जुने फिटर. त्यांनी आवळलेला नट पुढे कधी सुटलाच, तर तो स्वतःच्या राजीखुशीनं. घरीही तीच तऱ्हा. एकदा त्यांनी आपल्या दाराच्या बिजागऱ्या आवळल्या, तर शेजाऱ्यांचं दार उघडेना. स्वयंपाकघरात एक बरणी होती, तिचं झाकण त्यांनी दोन वर्षांपूर्वी लावलं होतं. आत साखर आहे की मीठ, यावर घरात दोन तट पडले होते.

त्यांचा जावई त्याच कारखान्यात आराखडे काढायचा. त्याला सगळे मिलिमीटर म्हणत, कारण बायकोनं "जरा सरका" म्हटलं की तो "किती?" विचारायचा. शिवाय घरजावई. म्हणजे घरी सासरे आणि कारखान्यातही सासरेच. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. मिलिमीटरला वाटायचं की उरलेले नऊ मामांकडे आहेत.

पाच वर्षं तो नव्या विमानासाठी एकच वस्तू काढत होता : पंखाखाली इंजिन टांगायचा जोड. साहेबांची अट अशी, की जोड बुटाच्या खोक्यात मावला पाहिजे आणि मोडला तरी इंजिन पडता कामा नये. मिलिमीटरनं तीन पोलादी पट्ट्या काढल्या. कडेच्या दोघी इंजिन पेलणार. मधलीचं भोक तिच्या पिनेपेक्षा दीड मिलिमीटर मोठं, म्हणून ती नुसती लोंबणार. कडेची एखादी तुटली, तर इंजिन दीड मिलिमीटर खाली येणार आणि मधली ताज्या दमानं ते झेलणार.

पाच वर्षांत हा जोड पास झाला नाही, तर मिलिमीटरची बदली ठरलेली होती. विमानातल्या संडासाच्या कड्या काढायला.

परीक्षेच्या सकाळी तो शेडमध्ये आला. इंजिनाच्या वजनाचा लोखंडी ठोकळा जोडाला टांगून तयार होता. त्यानं सवयीनं मधली पट्टी हलवली. हलली नाही. दोन्ही हातांनी हलवली. तोच हलला.

मामा चिंधीनं हात पुसत होते. "खुळखुळत होती. भोकात बुशचं कडं ठोकून फट भरली. केससुद्धा जायचा नाही."

"मामा, ती खुळखुळायलाच हवी होती."

"कुणाला?"

"नकाशात लिहिलंय."

"नकाशात चूक होती, ती मी पोटात घातली. घरचं माणूस म्हणून बोललो नाही कुठं."

तपासनीस बाई यायला अर्धा तास होता. त्यांची पद्धत साधी : मधल्या पट्टीवर त्या भार मोजायचा काटा लावत. काटा शून्यावर नसला, तर वही मिटून निघून जात.

"मामा, आत्ता ती रोज भार उचलणार. बाकीच्या दोघींबरोबर दमणार, आणि त्यांच्याबरोबरच मोडणार."

"मोडेल कशी? मी बसवलीय."

मिलिमीटरनं घड्याळ पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"परवा तुम्ही नातीला सायकल शिकवत होता. सीट धरली होती?"

"छे! धरली की पोर आपल्यावर रेलते. कधी शिकायची? आणि आपला हात आधीच अवघडला, तर ऐनवेळी झेलणार काय?"

"मग हात कुठं होता?"

"मागे. सीटच्या जवळ. लागू द्यायचा नाही."

"किती जवळ?"

मामांनी अंगठा आणि बोट उचलून अंतर दाखवलं. मिलिमीटरनं खिशातून मोजपट्टी काढून ते मोजायला घेतलं.

"गप रे," मामा म्हणाले. त्यांनी हात तसाच धरून मधल्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठोकळा उचलायला चेनब्लॉक आण."

ठोकळा केसभर उचलला, पिन काढली, बुश ओढला. तो निघताना असा किंचाळला, की फाटकावरचा रखवालदार उठून उभा राहिला. मामांनी तो पुसून वरच्या खिशात ठेवला. ठोकळा पुन्हा दोघींवर सोडला. पिन परत घातली तेव्हा ती खुळखुळली, आणि मामांनी डोळे मिटून घेतले.

बाई आल्या. काटा लावला. शून्य.

"ही पट्टी काय करते?"

"काही नाही," मिलिमीटर म्हणाला.

"मग ठेवलीय कशाला?"

"दुसरी मोडली तर."

"आमच्या खात्यात असे पुष्कळ आहेत. पण दुसरा मोडला तरी ते काही करत नाहीत. कडेची कापा."

करवत मामांनीच घेतली. डावी पट्टी अर्धी कापली गेली, पाऊण कापली गेली. मग ती तुटली. ठोकळा खाली आला.

टक्.

आणि थांबला. काटा शून्यावरून उठून भाराच्या आकड्यावर जाऊन बसला.

बाईंनी खाली वाकून पाहिलं. "किती आला खाली?"

"दीड," मामा म्हणाले. कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

बाईंनी वहीत सही केली. संडासाच्या कड्या दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेल्या.

मामा तीन दिवस घरात नुसते फिरत होते. खिशातला बुश अधूनमधून चाचपत. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मिलिमीटरच्या बायकोची हाक आली.

"अहो, लवकर या! बाबांनी बरणीचं झाकण ढिलं केलंय. त्यांना ताप आहे का बघा आधी."

मिलिमीटर गेला. झाकण बाजूला होतं. मामा बरणीपाशी उभे होते, आणि त्यांच्या बोटाला मीठ लागलं होतं.

"मी साखर म्हणत होतो," ते म्हणाले. "जावईबापू, तेही तुमचंच बरोबर."