यमुना म्हणायची सोय

मंद्रूपहून सोलापुरात मानसिंगराव कापडवाल्यांच्या घरी राहून कामाला आली, त्याच दिवशी रंभाचं नाव गेलं. झालं असं, की मानसिंगरावांच्या आईचं नावही रंभाबाईच. आता सासूचं नाव सून कसं घेणार? आणि घेतलंच, तर "रंभे, खरकटी काढ" हे कोणत्या तोंडानं म्हणणार? मानसिंगरावांच्या बायकोनं, महानंदावहिनींनी, सोय काढली. "तुला आम्ही यमुना म्हणू." चपला दारात काढाव्यात तसं रंभानं नाव काढून ठेवलं. विधवा बाईला दोन वेळचं जेवण आणि जिन्याखाली पथारी मिळत असेल, तर ती आणखी काय करणार?

वर्षं गेली. मानसिंगरावांची धाकटी चंपा तिच्याच मांडीवर वाढली. "आमची यमुना घरातलीच आहे हो," वहिनी पाहुण्यांना सांगायच्या. घरातली, म्हणून तर पहाटे बंब पेटवायला तिलाच उठवत आणि सगळ्यांचे पाय चेपून झाल्यावर निजू देत. गावाकडे तिनं नाव बदलल्याचं कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.

श्रावणात म्हाताऱ्या रंभाबाई वारल्या. रंभाला वाटलं, आता तरी आपलं नाव परत मिळेल. कुठलं काय! गेलेल्या सासूचं नाव वहिनी जास्तच जपू लागल्या.

पुढं बाजारातल्या कुणाकुणाच्या तोंडून भावाचा, बिरप्पाचा, निरोप आला, आईनं अंथरूण धरलंय. रंभानं रजा मागितली. "दिवाळी होऊ दे," वहिनी म्हणाल्या. पण बिरप्पानं असंही कळवलं होतं, की आईचं जास्त झालं तर तो स्वतः न्यायला येईल. त्या एका शब्दावर ती राबत राहिली. दारात चाहूल लागली, की राखेच्या हातांनी धावायची. भाऊ काही येईना. अंग इतकं शिणलं होतं, की तो आला तर गाडीत बसून आधी झोपावं, असंच तिला वाटायचं.

दिवाळीच्या तोंडावर ती बाजारात भाजीला गेली. तिथं मंद्रूपचा गाडीवान इमामसाब बैल सोडत होता. तिला बघून त्याच्या हातातला कासरा गळाला.

"या अल्ला! रंभाक्का, तू जित्ती हाय?"

"मला काय धाड भरलीया?"

"आगं, बिरप्पा तुला न्यायला आलता की! दारात येक पोरगी हुती. त्यानं इचारलं, रंभाबाई हायत का? ती म्हनली, त्या तर श्रावणात वारल्या. येवढ्या मोठ्या घरात तो आनखी काय इचारनार? रडत माघारी आला."

"आन आई?"

इमामसाबनं मान खाली घातली. "म्हातारीनं ऐकलं आन भितीकडं त्वांड फिरवलं. पान्याचा घोटबी घेतला न्हाय. माती हून पंधरवडा झाला, अक्का."

भाजी न घेताच रंभा घरी आली. चंपाला विचारलं, तर पोरगी रडायलाच लागली. "मला काय माहीत? रंभाबाई म्हणजे आजी. तू तर यमुना!" पोरीची काहीच चूक नव्हती. ते कळत होतं, म्हणूनच रंभाला राग कुणावर काढावा ते सुचेना.

सगळं ऐकून वहिनींनी खरोखर डोळ्यांना पदर लावला. आतून कोरं लुगडं आणलं. "फार वाईट झालं गं. हे घे. चार दिवस गावी जाऊन ये."

"आता कुनासाठी जाऊ? लुगडं नगं, वैनीसाब. मला ज्या नावानं आई हाक मारायची, त्या नावानं येकदा हाक मारा. येकदाच."

वहिनींचे ओठ हलले. त्यांनी भिंतीवरच्या सासूबाईंच्या तसबिरीकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"यमुने," शेवटी त्या म्हणाल्या, "दूध उतू चाललंय बघ."

"व्हय, आले," म्हणत रंभा उठली.