ओठावरच्या खळगीचं नाव

मी एक शब्द बोलतोय. फिल्ट्रम. नाव ऐकून पाणी गाळायचं यंत्र डोळ्यांसमोर आलं असेल तर असू द्या, मला सवय आहे. नाकाखालून वरच्या ओठापर्यंत उतरणारी उभी खळगी असते ना, तिचं इंग्रजीतलं नाव मी.

जन्म माझा ग्रीक घरातला. प्रेम करणं हे आमच्या मूळ धातूचं काम. त्याला साधन दाखवणारा प्रत्यय लागला आणि मी फिल्ट्रॉन झालो, म्हणजे प्रेम जागवणारं औषध. पुढे कुणाला ही खळगीही तशीच भुरळ घालणारी वाटली असावी. तिलाही माझंच नाव मिळालं, आणि लॅटिनमधून इंग्रजीत येता येता मी फिल्ट्रम झालो.

एवढं खानदान, पण मुक्काम इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत, एका खणातल्या पिवळ्या चिठ्ठीवर. नवी आवृत्ती आटोपशीर करायची होती. संपादकांचा नियम साधा होता. शब्द मोठ्याने वाचायचा. खोलीतल्या एकालाही त्याचं वाक्य सुचलं नाही, तर चिठ्ठी टोपलीत. त्या सकाळी माझ्या डोळ्यांदेखत पाच शेजारी शब्द टोपलीत गेले. मी मात्र जाणार नव्हतो. जन्मभर यांच्या तोंडावर बसलोय आणि हेच मला ओळखत नाहीत?

"फिल्ट्रम. ओठावरची खळगी," संपादकांनी वाचलं.

सगळ्यांची बोटं ओठाकडे गेली. वाक्य कुणाकडेच नव्हतं.

"कोण वापरतं हो हे? काढा," संपादक म्हणाले.

"थांबा जरा." प्रुफं तपासणाऱ्या ताई कोपऱ्यातून बोलल्या. त्या नेहमी तोंडावर हात धरून बोलायच्या. आज तो हात त्यांनी खाली घेतला. वरच्या ओठावर टाक्यांची जुनी रेघ होती. "माझा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. ऑपरेशनच्या कागदावर हा शब्द आहे. आईने तो कागद अजून जपून ठेवलाय. घ्या लिहून वाक्य. माझं फिल्ट्रम डॉक्टरांनी शिवलं आणि माझ्या चेहऱ्यात आईला तेच सगळ्यात जास्त आवडतं."

संपादकांनी ते वाक्य चिठ्ठीवर उतरवलं आणि चिठ्ठी ताईंकडे सरकवली. "स्पेलिंग तेवढं तपासून घ्या," एवढंच म्हणाले.

नव्या आवृत्तीत मी आहे, त्या वाक्यासकट. ताईंचा हात अजूनही कधीकधी तोंडावर जातो. मला राग येतो, ताईंचा नाही, त्यांना ती सवय लावणाऱ्यांचा.

तुम्ही मला वापरा, न वापरा. मी इथून हलणार नाही. पुढच्या आवृत्तीत मला काढायचंच असेल, तर आधी ताईंसमोर उभे राहा आणि त्यांचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.