सातवं गाणं

माझा दादा जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तरी दर फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी तो मला खांद्यावर घेतो. चार मिनिटं वीस सेकंद. 'पाणबुडी' हे गाणं तेवढंच आहे. गाणं संपलं की तो मला खाली ठेवतो, शर्टाची कॉलर नीट करतो आणि नाहीसा होतो.

तो अजून एकवीस वर्षांचाच आहे. मी तेव्हा अकराची होते. आता एकोणचाळीसची आहे आणि माझं वजन बहात्तर किलो आहे. गेल्या वर्षी तो म्हणाला, "वैजू, काय खातीस काय गं?"

मी म्हटलं, "तुझ्या वाटणीचंपण मीच खाते की."

तो हसला. तेवढ्यावर मी वर्ष काढते. पुरतं असं मात्र मी म्हणणार नाही.

हे सगळं सांगलीत होतं, एका मंगल कार्यालयात. सत्त्याण्णव साली तिथं मोकळं मैदान होतं, आणि 'धूळपाटी' हा आमचा लाडका बँड त्या मैदानावर एकदाच वाजवून गेला. पुढच्या वर्षी बँड फुटला. दादा तर सत्त्याण्णवच्याच जूनमध्ये काविळीनं गेला. मैदानावर भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे आले, लोकांची लग्नं लागायला लागली. पण आम्ही ऐंशी-नव्वद जण दरवर्षी सकाळी अकराला तिथं जमतो आणि त्या दिवशी जो जिथं उभा होता तिथंच उभा राहतो. माझी जागा हात धुवायच्या बेसिनपाशी येते. बिडकरसरांची जागा वधूपक्षाच्या खोलीत येते, म्हणून ते दार उघडं ठेवून आतून यादी वाचतात.

यादी म्हणजे त्या दिवशी वाजलेली गाणी, क्रमानं. सर एकेक नाव घेतात, आम्ही डोळे मिटून आठवतो. सगळ्यांना एकच आठवलं की ते येतं. आधी जनरेटरच्या धुराचा वास, मग ड्रम, मग माणसं. म्हणून यादी बरोबर असावी लागते. बिडकरसर शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा द्यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी चौथं गाणं खोडलं. ते त्या दिवशी वाजलंच नव्हतं असं चार जणांनी शपथेवर सांगितलं. त्या गाण्यात सातपुतेकाकांची बायको यायची आणि त्यांचा हात धरायची. पुढच्या वर्षी काका हात पुढं करून उभे राहिले, पण कुणी आलं नाही. आता तो हात पुढं का केला होता हे त्यांना सांगता येत नाही, आणि तो खालीही येत नाही. रिक्षात बसताना त्यांची फार पंचाईत होते.

या वर्षी मिरजेहून आवटीताई नावाच्या बाई आल्या. पासष्टीच्या असतील. याआधी त्या कधीच आल्या नव्हत्या. त्यांच्या कापडी पिशवीत एक टेपरेकॉर्डर होता आणि त्यात एक कॅसेट.

"माळा आवरताना घावली," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मीच भरली होती. पदराखाली धरून."

बिडकरसर वधूच्या खोलीतून पळत आले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच आपली जागा सोडली. "आता वादच मिटला," ते म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? लावा."



कॅसेट सुरू झाली तसं कार्यालय लहान होऊ लागलं. पदराखालच्या त्या रेकॉर्डरला जेवढ्या अंतरावरचं ऐकू आलं होतं तेवढंच मैदान आता खरं होतं. दुसऱ्या गाण्याला मागची भिंत पुढं आली. तिसऱ्या गाण्याला स्वयंपाकघर गेलं. लांब उभे असलेले लोक निमूटपणे पुढं सरकत राहिले. ज्यांना सरकायला जमलं नाही ते पत्रिकेच्या कागदाएवढे पातळ होऊन भिंतीला टेकले. कुणी तक्रार केली नाही. आम्ही चाहते आहोत, आम्हाला खरं काय ते हवं असतं.

सहावं गाणं संपलं. शेवटचा गिटारचा सूर विरतोय तोवर कॅसेट खट् करून थांबली. आवटीताईंनी ती काढून उलटी घातली. दुसरी बाजू सुरू झाली ती थेट आठव्या गाण्यापासून.

"सातवं नाही," बिडकरसर म्हणाले.

"बाजू बदलताना वाजलं असणार," मी म्हटलं.

"बाजू बदलायला दहा सेकंद लागतात. आत्ता बघितलंत."

"सर, मला 'पाणबुडी' शब्द न् शब्द आठवतंय."

"ते सगळ्यांनाच आठवतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिडका नव्हता, उलट मऊच होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला त्यांनी ते वाजवलं. आपल्यातले निम्मे लोक तिथंही होते. आपण ते गाणं उचलून इथं आणून ठेवलंय. दोन कार्यक्रम बघितले की चाहत्यांचं असंच होतं."

"मला कोल्हापूरला कुणी नेलंच नव्हतं. आईनं सोडलं असतं होय?"

"मग नंतर घरी कॅसेटवर ऐकलं असेल तुम्ही."

"कॅसेटवर मला खांद्यावर कुणी घेतलं?"

भिंत माझ्या पाठीला लागली होती. मी सरळ सांगितलं की हे गाणं खोडलंत तर माझा दादा यायचा नाही, आणि मला तो हवा आहे. मला दुसरं काही नको. सांगताना मी रडत होते. बिडकरसरांनी चष्मा काढून पुसला आणि हात वर करायला सांगितलं, कोण बाजूनं, कोण विरुद्ध. सातपुतेकाकांचा हात मोजायचा की नाही यात थोडा वेळ गेला.

तेवढ्यात आवटीताई म्हणाल्या, "मी लगेच बदलली नव्हती."

"काय?"

"बाजू. संपलेली मला कळलीच नाही. माझ्यापुढं एका पोरानं पोरीला खांद्यावर घेतलं न् मला स्टेज दिसंना झालं. मी म्हटलं, बाळा, उतरव की तिला. त्याला काय ऐकू गेलं नाही. त्या नादात राहिलं."

"किती वेळ राहिलं?" बिडकरसरांनी पेन काढलं.

"एक गाणंभर असंल. कमीबी असंल."

"गाणं कुठलं होतं?"

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. "ताई, 'पाणबुडी' म्हणा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. मला लाज वाटली नाही.

"पोरीचे पाय आठवतात," त्या म्हणाल्या. "डाव्या पायात सँडल होती, उजवा अनवाणी. पोरगं तिचे घोटे धरून नाचत होतं. पण गाणं नाही गं आठवत, बाई. खोटं कसं बोलू?"

माझी उजवी सँडल त्या दिवशी गर्दीत हरवली होती. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

बिडकरसरांनी बराच विचार केला. मग यादीतलं 'पाणबुडी' त्यांनी पट्टी लावून खोडलं आणि सातचा आकडा तसाच ठेवला. "जागा राहील," ते म्हणाले. "गाणं राहणार नाही. मला याहून जास्त देता येत नाही, वैजयंतीबाई."

मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले.

यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली गेली. सहाव्यानंतर सर म्हणाले, "सात," आणि पुढं काहीच म्हणाले नाहीत.

दादा आला. तो वाकला, मी त्याच्या खांद्यांवर बसले आणि तो उभा राहिला. माझं डोकं पत्र्यापर्यंत पोचलं. त्यानं मान वर करून काहीतरी विचारलं. त्याचे ओठ हलले, पण आवाज नव्हता. मी म्हटलं, "दादा, ऐकू येत नाही रे." तेही मला ऐकू आलं नाही. खाली सगळे डोळे मिटून उभे होते.

गाणं सुरूच झालं नव्हतं, त्यामुळं ते संपायचाही प्रश्न नव्हता. थोड्या वेळानं बिडकरसरांचे ओठ हलले. आठ म्हणाले असावेत. मग नऊ, मग दहा. दादा नाचत नव्हता, नुसता उभा होता. मी उतरायला गेले, पण मला खाली ठेवणारा नेहमी तोच असतो आणि त्याला त्याची वेळ झाल्याचं कळत नव्हतं. लोकांनी पुरीभाजी खाल्ली. आवटीताईंनी टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि जाताना माझ्या उजव्या पायाकडे बघून हात जोडले. सातपुतेकाका सगळ्यांत शेवटी गेले.

चार वाजता लग्नाची मंडळी आली. भिंती परत आपापल्या जागी गेल्या होत्या. माणसांनी खुर्च्या मांडल्या, दादाच्या पायांना वळसा घालून रांगा लावल्या. झेंडूच्या माळा बांधणाऱ्याला उंची कमी पडली तेव्हा त्यानं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मी ते खिळ्याला अडकवलं. बायका आल्या, अत्तर आलं, सनईवाले गाल फुगवून बसले. अंतरपाट धरला गेला. भटजींचं तोंड उघडायचं, मिटायचं, आणि दर वेळी सगळे हात एकदम वर जायचे.

परकर घातलेली एक मुलगी अक्षतांचं ताट घेऊन रांगांमधून फिरत होती. ती दादापाशी थांबली. त्याचे दोन्ही हात माझ्या घोट्यांवर होते, म्हणून तिनं टाचा उंचावून अक्षता माझ्या मुठीत दिल्या.

स्टेज लांब होतं. मी मूठ उघडली. पिवळे तांदूळ दादाच्या केसांवर पडले, काही कानामागं अडकले. त्यानं वर पाहिलं नाही. त्याचे गुडघे थरथरायला लागले होते, आणि त्यानं माझे घोटे आणखी घट्ट धरले.