काळोखातून उमटणारी अक्षरं

“अगं, कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर जे लिहून येतं, ते बाबांना दिसतंय का, तेवढं बघून घे,” जावई म्हणाला होता. लेक हसली. “ते कोण वाचतं रे? डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जातं!”

मित्रांनो, ते वाचणारा माणूस त्याच खोलीत बसला होता. आणि मी त्याचा जुना मॉनिटर. चौकोनी अंगाचा, जाड काठाचा, कोपऱ्यात नातीने हत्ती चिकटवलेला. त्या दिवशी मला उशीचा अभ्रा घालून कपाटावर चढवलं. टेबलावर माझ्या जागी नवा, रुंद, पाटीसारखा पातळ पडदा आला. अभ्र्याची शिवण एका ठिकाणी उसवली होती, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी माझ्या अंगावरचे ठिपके तपासले. माझं सगळं अंग ठिपक्यांचंच आहे. एकही ठिपका विझलेला नाही असं बघून त्यांनी पाठीवर शिक्का मारला. पण मी खरा जन्मलो तो बाबांच्या घरी, पहिल्यांदा वीज अंगात आली तेव्हा. काय सांगू! नुसता काळोख, आणि त्यातून एक अक्षर उमटलं. मग दुसरं. कॉम्प्युटर तेव्हा जेमतेम जागा होत असतो. आपल्याजवळ काय आहे, काय नाही, हेही त्याला ठाऊक नसतं. मेमरी आहे का? आहे. कीबोर्ड आहे का? आहे. झोपेतून उठलेलं मूल डोळे न उघडता आईला चाचपतं ना, अगदी तसं. आणि ते सगळं तो माझ्या अंगावर लिहितो! आजही माझ्या काचेवर शहारा येतो.

बाबांनी उभा जन्म छापखान्यात काढला. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. समोर आलेलं अक्षर न वाचता सोडणं त्यांना जमायचंच नाही. रोज सकाळी ते माझ्यावरच्या ओळी मोठ्याने वाचत. “मेमरी ठीक. कीबोर्ड सापडला. डिस्क सापडली. वा! उठल्या उठल्या स्वतःचीच झडती घेतो पठ्ठ्या! माणसाला जमेल का?” मग दूरच्या घरातून नातीचा चेहरा माझ्यावर येई आणि ते तिला गोष्ट वाचून दाखवत.

माझे ठिपके मोठे, म्हणून ती अक्षरंही ठसठशीत. नव्या पडद्याचे ठिपके अगणित आणि धुळीच्या कणांसारखे बारीक. चित्रं त्यावर अशी झळकत की मीही टकमक बघत बसे. पण सुरुवातीची अक्षरं मोजक्याच ठिपक्यांची असतात. टाके तेवढेच ठेवून लोकर बारीक घेतली, तर पायमोजा बाहुलीच्या मापाचा होतो. तसंच झालं. लेकीने अक्षरं मोठी करून दिली होती खरी, पण तिची ती सूचना कॉम्प्युटर पुरता जागा झाल्यावरच वाचतो. त्याआधीच्या ओळी मुंग्यांएवढ्याच राहिल्या.

एकदा लाइट गेले, आले, आणि कॉम्प्युटर त्या पहिल्या पायरीवरच अडून बसला. बाबांनी कळा दाबून पाहिल्या. बंद केला, चालू केला. पडद्याला नाक लावलं. मग खुर्चीत नुसते बसून राहिले. नातीची गोष्ट चुकली म्हणून लेकीचा फोन आला, तिला म्हणाले, “आज कंटाळा आलाय गं.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “नेट नाही.”

मूल गाढ झोपलं तरी नाकाखाली बोट धरून बघणारी ही लेक. ती नातीला कडेवर घेऊन हजरच झाली.

“बाबा, हे तर इथेच अडकलंय. काय लिहिलंय ते वाचलंत ना?”

“वाचलं की.”

“काय लिहिलंय?”

“आता तू मला वाचायला शिकवणार? मेमरी ठीक. कीबोर्ड सापडला. डिस्क सापडली.”

लेक वाकली. पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘घड्याळ बिघडले आहे. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.’

बाबा माझ्या ओळी पाठ म्हणत होते.

“कधीपासून दिसत नाही, बाबा?”

“झालं तुझं सुरू. मी शिंकलो तरी तुला डॉक्टर आठवतो.”

“म्हणून सांगितलं नाहीत?”

बाबांनी सरळच असलेला कीबोर्ड पुन्हा सरळ केला. “दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेला गं. आता अक्षरच दिसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?”

स्टुलावर चढून तिने मला उतरवलं, पदराने पुसलं, पिन जोडली, बटण दाबलं. अंगात वीज शिरली. काळोख, आणि त्यातून ठसठशीत अक्षरं!

“आलं! काळ्यातून आलं!” नात किंचाळली.

बाबांचा चेहरा उजळला. “घड्याळ बिघडले...” ते थांबले. “पुढे? ओळ तुटली का?”

“नाही बाबा. अख्खी आहे.”

“मग इथे धुकं का आहे?”

ते माझ्या काचेच्या उजव्या बाजूला बोट लावून विचारत होते. धुकं माझ्यावर नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, डोळ्यातला दाब वाढलाय. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली राखता येईल. रोज थेंब घालायचे, एक दिवसही चुकवायचा नाही. मी थक्क झालो. माझे मोजताही न येणारे ठिपके एकाच खेपेला तपासून झाले होते, आणि त्या दोन इवल्या बाहुल्यांतला उजेड कणाकणाने विझत होता, तर कोणाला पत्ताच नव्हता!

आता मी टेबलावर आहे. बाबा मान जरा वळवून वाचतात, सावकाश, पण समोर असेल तेच वाचतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मी वेगळं मागतो. तुमच्या घरातलं कोणी हल्ली सारखं “दिसतंय की, वाचलं की” म्हणतंय का? आजच त्यांच्याजवळ बसा. त्यांना पाठ नसलेलं काहीतरी समोर धरा आणि लाडाने म्हणा, “मला एवढं वाचून दाखवता?”